न चाखणाऱ्यांचं स्वयंपाकघर

सकाळी फिरून आलेल्या बायकोच्या शालीला तळणीचा वास येतोय, हे उस्तादांच्या नाकाने ती दारात असतानाच पकडलं. घरात काही तळलेलं नव्हतं. हा वास कोपऱ्यावरच्या बर्गरवाल्यांचा होता. त्या दुकानासमोरून जाताना उस्ताद आजवर नाक मुरडूनच गेले होते.

उस्ताद म्हणजे कोणी गवई नव्हेत. हयात एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात गेली, तिथे हाताखालची सगळी माणसं उस्ताद म्हणायची, आणि निवृत्तीनंतर तेच नाव त्यांच्याबरोबर घरी आलं. घरातला स्वयंपाकही त्यांचाच. असं असताना त्यांची बायको चोरून दुसऱ्याकडे खाते?

मनात पाल चुकचुकली. अलीकडे ती ताटात निम्मं टाकून उठत होती. विचारलं की म्हणायची, "भूकच नाही हो." पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न होतं, आणि लग्नाचं जेवण मीच करणार, असं उस्ताद गावभर सांगून बसले होते. घरचीच बाई आपल्या हातच्या जेवणापासून पळत असेल तर पाहुण्यांचं काय? आपला हात उतरला की काय? सरळ विचारायचं तर ती खरं सांगेल, ही भीती. न विचारावं तर डोक्यातला किडा झोपू देईना. शेवटी एका सकाळी ती बाहेर पडली आणि पाठोपाठ उस्तादही चपला घालून निघाले. या वयात बायकोचा पाठलाग करायची वेळ यावी, याचं त्यांना हसूही येत होतं आणि रागही.

ती खरोखरच काचेचं दार ढकलून आत गेली.

उस्ताद थोडं थांबून शिरले आणि काउंटरजवळच्या खांबाआड उभे राहिले. आपल्याला इथे किळस येणार अशी त्यांनी मनाची तयारी केली होती, पण आधी आलं ते कुतूहल. एका टेबलावर कॉलेजची पोरं पुस्तकं पसरून बसली होती. समोर एकच कोल्ड्रिंक आणि त्यात चार स्ट्रॉ, तरी त्यांना कोणी ऊठ म्हणत नव्हतं. रात्रपाळी संपवून आलेली एक नर्स बूट काढून, पाय समोरच्या खुर्चीवर टाकून कॉफी पीत होती. दोन म्हातारे रिकामे कप पुढ्यात ठेवून तावातावाने भांडत होते, आणि भांडण रोजचं असावं, कारण कोणी वळूनही बघत नव्हतं. उस्तादांच्या हॉटेलात अशा माणसांना दारवानानेच परत पाठवलं असतं. त्यांना ते आज पहिल्यांदाच जरा विचित्र वाटलं.

मग त्यांची नजर काउंटरमागे गेली, आणि ते बायकोलाही विसरले. बझर वाजला की तेलातली जाळी वर. दुसरा वाजला की पाव खाली. एक मुलगी मिठाचा डबा फ्राइजवर ठरल्याइतकाच हलवत होती. सगळं झटपट, सगळं सफाईदार. पण काहीतरी राहत होतं, आणि काय ते कळायला उस्तादांना वेळ लागला. इथे चाखत कोणीच नव्हतं! एवढं मोठं स्वयंपाकघर, आणि कोणी बोटाला लावून जिभेवर ठेवत नव्हतं. आंधळ्याने गाडी हाकावी तसं त्यांना वाटलं.

"काका, काय देऊ?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"ती खिडकीजवळची बाई... रोज येते?" उस्तादांनी आवाज खाली आणून विचारलं.

"काकू होय? रोज. एकच छोटे फ्राइज. गोड आहेत हो, पण जरा..." मुलगी हसली. "रोज मला विचारतात, मीठ कालच्याइतकंच घातलंय ना गं? आता हा डबाच तसा केलाय, एकदा हलवला की तेवढंच पडणार. कितीदा सांगितलं, तरी दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न."

उस्तादांनी खांबाआडून मान काढली. बायको खात होती, पण भुकेलेलं माणूस खातं तसं नाही. एक काप जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे, थांबायचं. मग पाण्याने चूळ भरल्यासारखं करून दुसरा. औषध घेताना माणूस इतकं गंभीर नसतं. तिने डोळे उघडले आणि नेमके समोर उस्ताद.

"आलात?" ती म्हणाली. दचकली नाही, फक्त थकल्यासारखी दिसली. "बसा."

"हे काय चाललंय तुझं?"

"बसा तर आधी."

उस्ताद बसले. राग गिळायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी पुडीतला एक काप उचलला आणि तोंडात टाकला. चावला. मग त्यांचा चेहरा उजळला. चला, काही बिघडलेलं नाही, चूक शेवटी या बर्गरवाल्यांचीच.

"घ्या! एवढा थाट, आणि मीठ घालायलाच विसरलेत. अगं, हे आळणी खायला येतेस तू?"

बायकोने हातातला काप खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले.

शेजारच्या टेबलावर एक टॅक्सीवाला फ्राइजच खात होता. उस्तादांनी त्याला हाक मारली. "भाऊ, मीठ आहे का हो यांत?"

"आहे की," टॅक्सीवाला बोटं चाटत म्हणाला. "आमच्या डॉक्टरने बघितलं तर तिथल्या तिथे खेटराने मारेल."

उस्तादांनी आणखी एक काप उचलून नाकाशी धरला. म्हाताऱ्यांचं भांडण तेवढं ऐकू येत होतं.

"पण वास येतो मला," उस्ताद म्हणाले. "सगळे वास येतात. तुझ्या शालीचा आला."

"नाक चांगलंय तुमचं. म्हणूनच तुम्हाला कळलं नाही."

"केव्हापासून?"

"थंडी संपली तेव्हापासून. सूप खारट लागायला लागलं, मग भाजी. मला वाटलं, माझीच जीभ गेली. तुमचं मीठ चुकेल हे डोक्यातच आलं नाही माझ्या. पण ताडून बघायचं कशाशी? तुमच्या हातचं सोडून मी खाल्लंय काय कधी?" ती जराशी हसली. "हे मात्र खाल्लं होतं. पोरीची परीक्षा संपली की आम्ही दोघी चोरून इथे यायचो."

"चोरून? माझ्या घरातून?"

"हो, तुमच्याच घरातून. तेव्हा जी चव होती तीच आजही असते, यांचं तसंच असतं म्हणे. म्हणून आले. खाल्लं, तर अगदी तसंच लागलं. आधी बरं वाटलं, माझी जीभ शाबूत आहे म्हणून. मग बाहेर जाऊन रडले."

ज्यांच्या एकसारख्या चवीला उस्तादांनी जन्मभर नावं ठेवली, त्यांच्याच चवीने त्यांची चूक पकडली होती. त्यांना ते कबूल करावंसं वाटेना, आणि नाकारायला तोंडही राहिलं नव्हतं.

"एकदा कळलं ना? मग रोज कशाला येत होतीस?" त्यांनी चिडून विचारलं.

बायकोने पुडीची कड दुमडली. "रोज वाटायचं, आज तरी हे खारट लागतील. म्हणजे दोष माझा ठरेल, आणि तुम्हाला काही सांगावं लागणार नाही."

लग्नातल्या शेकडो पाहुण्यांची लाज उस्तादांच्या डोळ्यांपुढे उभी होती, ती क्षणभर कुठल्या कुठे गेली. ही बाई रोज सकाळी इथे येऊन स्वतःची जीभ बिघडलेली निघावी म्हणून वाट बघत बसली होती.

"लग्नाचं दुसऱ्या कोणाला सांगायचं का?" तिने हळूच विचारलं.

"का? हात शाबूत आहेत माझे. डॉक्टरकडे जाऊ, बघू तो काय म्हणतो. आणि तोवर तू चाखायचं."

"मी? तुमच्या भांड्यातलं?" ती घाबरलीच. "तुम्ही अंगावर याल माझ्या."

"येईन. तरी खरंच सांगायचं. 'भूक नाही' वगैरे चालणार नाही."

त्यांनी पुडीतला एक काप उचलला आणि भर दुकानात, नर्सच्या आणि पोरांच्या देखत, तिच्या तोंडापुढे धरला. ती लाजली, इकडे तिकडे बघितलं, मग तिने तो खाल्ला.

"छान आहे," ती म्हणाली.

"छान कोणी विचारलंय? मीठ सांग."

तिने डोळे मिटले आणि या वेळी जरा जास्तच वेळ घेतला. "बरोबर आहे," ती म्हणाली. "कणभर जास्तच."

उस्तादांनी दुसरा काप आपल्या तोंडात टाकला. त्यांना तो कागदासारखा लागला. तरी त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हो. कणभर जास्त."