थंडीत जपलेली ताई

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात सारखा घुर्र घुर्र करणारा जुना फ्रीझर म्हणजे मी. नवा होतो तेव्हा माझ्या थंडीचं कोण कौतुक! आता दाराला गंज चढलाय, आतला बर्फही कोणी काढत नाही. "म्हातारा नुसती वीज खातो," म्हणतात. मी मनावर घेत नाही. माझ्या पोटात रक्ताच्या इवल्या नळ्या झोपलेल्या असतात आणि त्यांच्यासोबत मीही पेंगत असतो. कधीकधी वाटतं, त्या सगळ्या माणसांची स्वप्नं मलाच पडताहेत.

इथे रक्तातल्या जनुकांच्या खुणा वाचतात. कोणाला कोणतं औषध मानवेल, कोणाला बाधेल, हे त्यांवरून आधीच कळतं.

एकदा एका ताईचं रक्त आलं. तिच्या फुप्फुसात बुरशीचा संसर्ग झाला होता, औषध लगेच सुरू करायचं होतं. तपासणाऱ्या बाईंनी खुणा वाचल्या. पूर्ण मात्रा चालणार होती. तेवढ्यात अहवाल न्यायला ताईचा धाकटा भाऊ आला. काळजीनं तोंड सुकलेलं, तरी थट्टेची खोड जाईना.

"मागं मी तिला अस्थिमज्जा दिली ना, तेव्हापासून तिच्या अंगात माझंच रक्त तयार होतं. म्हणून तर हल्ली माझ्यासारखी घोरते!"

हे बाईंना कोणी सांगितलंच नव्हतं. हसता हसता त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, मग मी तुमच्याच खुणा वाचल्या की! औषध पचवणारं यकृत तर अजून ताईंचंच आहे."

मज्जा जुळते का ते बघायला तेव्हा घेतलेलं तिचं रक्त अजून माझ्याकडे होतं, नोंदवहीत तसं सापडलं. बाई धावत आल्या, पण दार बर्फानं घट्ट बसलेलं. मला उघडायचं होतं हो, पण बर्फापुढे माझं काही चालेना! भावानं जोर लावला तेव्हा कुठे मी उघडलो.

त्या जुन्या रक्तातल्या खुणा वेगळ्याच निघाल्या. ते औषध ताईच्या अंगात साचत गेलं असतं आणि पूर्ण मात्रा तिच्या जिवावर बेतली असती. डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं.

बरी झाल्यावर ताई मला बघायला आली. दारावर तळहात टेकवून भावाला म्हणाली, "माझ्या अंगात तू आणि ह्याच्या पोटात मी. गंमतच आहे बघ!" एवढा थंड मी, पण मला भरून आलं.

मित्रांनो, एक दिवस मला भंगारात काढतील. खुशाल काढा. पण वायर उपटण्याआधी आत झोपलेल्यांना अलगद उचला आणि नव्या थंडीत निजवा. त्यांतल्या कोणाला तरी उद्या स्वतःचीच गरज लागेल.