दोन दवाखान्यांचं एक मशीन

सिस्टरचा राग दवाखान्याचं शटर वर जायच्या आधीच चढला होता, आणि खोटं कशाला बोला, तो रास्तच होता. आज तिच्या नवऱ्याची स्ट्रेस टेस्ट होती. माणसाला चालत्या पट्ट्यावर उभं करायचं, आधी सावकाश, मग जोरात चालवायचं, आणि धापा टाकणारं हृदय काय म्हणतं ते कागदावर बघायचं. ही टेस्ट दोन गल्ल्या पलीकडे, थोरल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात होती. चालता चालता कुणाचं हृदय बंद पडलंच, तर छातीला शॉक देऊन ते पुन्हा चालू करायचं मशीनही तिथलंच. पण आज ते मशीन इकडे, धाकट्या डॉक्टरांच्या खोलीत, टेबलावर मिरवत होतं. का? तर आज इकडे दवाखान्याची सरकारी तपासणी होती.

दोघे सख्खे भाऊ. दवाखाने दोन, मशीन एक. नियमाने प्रत्येक दवाखान्यात एक हवं, पण नियम पाळतो कोण! एरवी ते थोरल्याकडे असायचं. धाकट्याकडे तपासणी लागली, की धुतलेल्या चादरींच्या पिशवीत, चादरींच्या मधोमध गुंडाळून, तान्ह्या बाळासारखं इकडे यायचं आणि संध्याकाळी तसंच गुपचूप परत जायचं. तपासणीवाले दोन्हीकडे एकाच दिवशी कधी येत नसत, त्यामुळे वर्षानुवर्षं सगळं बिनबोभाट चाललं होतं. दुसरं मशीन घ्या म्हणून सिस्टरने घसा कोरडा केला होता. ‘बघू पुढच्या वर्षी’ ऐकून तिचे कान किटले होते.

“डॉक्टर, एक तर टेस्ट उद्यावर ढकला, नाहीतर हे आत्ताच्या आत्ता परत पाठवा,” ती म्हणाली.

“अहो सिस्टर, टेस्ट दुपारी आहे. तोवर तपासणी आटोपते. आणि दादा आहे की तिथे.”

“दादांच्या हातातून काय वीज निघते का?”

धाकटे डॉक्टर हसले. या माणसाला कुठल्याही गोष्टीवर हसता येतं, हाच मुळात वैताग होता. सिस्टर दातओठ खात बाहेर आली.

तपासणीच्या बाई उशिरा आल्या आणि आल्या त्या गोगलगायीच्या चालीने. हात धुवायचा नळ उघडून पाहिला, बंद केला, पुन्हा उघडला. कचऱ्याच्या डब्यांचे रंग पाहिले. एका डब्याचं झाकण पायाने उघडतं की हाताने, यावर त्यांनी डॉक्टरांशी इतकी चर्चा केली की सिस्टरला वाटलं, आता आपणच या डब्यात जाऊन बसावं. तिने कोपऱ्यात जाऊन नवऱ्याला फोन लावला.

“अगं, बरं झालं फोन केलास,” नवरा म्हणाला. “आधीचा पेशंट आलाच नाही, म्हणून मलाच घेतायत. बूट घालतोय.”

“बूट काढा! पट्ट्यावर पाय ठेवायचा नाही, सांगून ठेवते.”

“डॉक्टर खोळंबलेत गं. त्यांना काय सांगू, बायको नको म्हणते?”

“हो, तसंच सांगा!”

“काहीतरीच तुझं,” म्हणत त्याने फोन ठेवला. अख्ख्या जन्मात या माणसाने कुणाला ‘नाही’ म्हटलं नव्हतं, दुकानदारालासुद्धा नाही.

ती आत धावली. बाई मशीनपाशीच उभ्या होत्या. हिरवा दिवा लुकलुकत होता. “छान ठेवलंय हं,” बाई म्हणाल्या, कागदावर खूण केली आणि पुढे सरकल्या. डॉक्टरांनी चहा मागवला. आता चहा पिणार होते हे लोक!

सिस्टरने मशीन उचललं.

“सिस्टर, ते तिथेच राहू द्या,” डॉक्टर अजूनही हसतच म्हणाले, पण डोळे वटारून.

झालं. तिची तळपायाची आग मस्तकाला गेली. “राहू देऊ? मॅडम, हे मशीन यांचं नाहीच! यांच्या भावाकडून आणलंय, तुम्हाला दाखवायला. तिकडे माझा नवरा पट्ट्यावर धावतोय, हार्टचा पेशंट आहे तो, आणि त्याला काही झालं तर तिकडे काय आहे? चादरी!”

“म्हणजे… थांबा, हे मला लिहून घ्यावं लागेल,” बाई पेन शोधू लागल्या.

“लिहा! खुशाल लिहा! आणि माझी नोकरी गेली तेही लिहा!”

मशीन छातीशी धरून ती सुटली. रस्त्यात एका स्कूटरवाल्याने शिवी हासडली, तिने दुप्पट हासडली. थोरल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ती थेट आतच घुसली. नवरा पट्ट्यावर भराभरा चालत होता. उघड्या छातीला वायरी, तोंड लालबुंद, घामाने निथळत होता.

“अगं, तू कशी इकडे?” त्याने धापा टाकत विचारलं.

जिवंत होता. देवा, जिवंत होता मेला! तिने मशीन स्टुलावर ठेवलं आणि, आता काही झालंच तर हाताशी असावं म्हणून, झाकण उघडलं. छातीला चिकटवायचे दोन पॅड असतात, शॉक त्यांतूनच जातो. ते नसतील तर ते मशीन नव्हे, नुसता डबा. पॅड ठेवायच्या कप्प्यात तिने हात घातला. कप्पा रिकामा होता.

“पॅड कुठे आहेत?”

थोरले डॉक्टर चष्मा पुसू लागले. “मुदत संपली होती त्यांची. मग मागवायचे राहिले. सिस्टर, झाकण कुणी उघडत नाही हो.”

“कधी संपली?”

डॉक्टरांनी चष्म्याची दुसरी काच पुसायला घेतली. किती वर्षं हा डबा इकडून तिकडे फिरत होता, किती वर्षं ती त्याच्यासाठी भांडत होती, आणि झाकण उघडून तिनेही कधी पाहिलं नव्हतं. तिने पट्ट्याचं लाल बटण थाडकन दाबलं. नवरा धडपडला, कठडा धरून उभा राहिला.

तेवढ्यात तपासणीच्या बाई फाइल सावरत, धापा टाकत दारात आल्या.

“या मॅडम, बसा ना,” थोरले डॉक्टर म्हणाले.

“बसू नका, इकडे या!” सिस्टरने त्यांचा हात धरून त्या कप्प्यात घातला. बाईंनी आत चाचपलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

सिस्टरने नवऱ्याच्या छातीवरच्या वायरी ओरबाडून काढल्या. “आई गं,” तो कळवळला. तिने तिथेच तळवा ठेवला. आत धाडधाड चाललं होतं.

“हे आत्ता बंद पडलं असतं, तर काय केलं असतंत?” ती डॉक्टरांवर ओरडली. “सांगा ना! काय केलं असतंत?”

डॉक्टर चष्मा पुसत राहिले. बाहेर बाकावर पुढचा पेशंट बूट घालून तयार बसला होता.