जेवणाचा क्रम

लालासाहेबांनी जॅकीच्या थाळीत हात घातला आणि जॅकीनं तो धरला.

आवाज फारसा झाला नाही. एक गुरगुर, साखळीला बसलेला हिसका, आणि अंगणातल्या लिंबाखाली आपल्या उजव्या हाताकडे बघत उभे राहिलेले लालासाहेब. मनुबाई पिठाच्या हातांनीच चुलीपासून धावल्या. रक्तापेक्षा त्यांना नवऱ्याच्या चेहऱ्याचं भय वाटलं. पलटणीत कुत्र्यांच्या पथकात सतरा वर्षं काढलेला आणि पेन्शनीवर आल्यापासून पस्तीस वर्षं लोकांची कुत्री वळणावर आणून देणारा हा माणूस. त्याला आजवर एकाही कुत्र्यानं दात लावला नव्हता.

वडूजच्या दवाखान्यातून सुया टोचून आल्यावर ते एवढंच म्हणाले, "उदयसिंहास्नी फोन लाव. म्हणावं, ह्ये जनावर सुधारायचं न्हाई."

उदयसिंह इस्लामपूरचे उसाचे बागायतदार. जॅकी त्यांचा. खाताना कुणी जवळ गेलं की अंगावर यायचा, आणि परवा त्यांच्या म्हाताऱ्या आईचं मनगटच त्यानं फोडलं होतं. येत्या रविवारपर्यंत सुधारला तर बरं, नाहीतर डॉक्टर बोलावून त्याला कायमचं झोपवायचं, असं ते सांगून गेले होते. आज गुरुवार.

लालासाहेबांची रीत साऱ्या खटाव तालुक्याला ठाऊक होती. कळपात मोठा एकच, आणि तो कोण हे कुत्र्याला पहिल्या दिवशी कळलं पाहिजे. दारातून आधी माणूस जाणार, मग कुत्रं. आधी लालासाहेब कुत्र्यासमोर पाटावर बसून सावकाश जेवणार, मग कुत्र्याला थाळी. तीही मध्येच काढून घ्यायची. त्यानंतर, सगळं आवरल्यावर, मनुबाई निवलेली भाकरी घेऊन चुलीपाशी बसायच्या.

नात शिवांजली शिरवळला गुराढोरांच्या डॉक्टरकीचं शिकत होती, सुट्टीला आली होती. तिनं आजोबांना परोपरीनं सांगून पाहिलं. कळपात मोठा एकच, हे शास्त्र पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना परक्या लांडग्यांवरून काढलेलं; रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं. जॅकीला कुणावर राज्य करायचं नाही, तोंडचा घास जाईल म्हणून तो भितो. लालासाहेब हाताच्या पट्टीकडे बघत बसून राहिले. शेवटी ती हसत म्हणाली, "आबा, आधी तुम्ही, मग कुत्रं. मग तुमच्या कळपात आजी कितवी?"

मनुबाई उगाच उठून तवा घासायला बसल्या.

मनुबाईंना जे ठाऊक होतं ते त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. पस्तीस वर्षांपूर्वी पहिलं कुत्रं आलं ते लोणंदच्या एका व्यापाऱ्याचं डॉबरमन. धाकानं ते तीन दिवस अन्नाला शिवलं नाही. दुपारी लालासाहेब पारावर गेले तशा मनुबाई त्याच्याकडे पाठ करून बसल्या आणि पदरातले भाकरीचे तुकडे मागं टाकत राहिल्या. कितव्या तरी तुकड्याला त्याचं ओलं नाक त्यांच्या पाठीला लागलं. मग हाकेला आलं की तुकडा, गप्प बसलं की तुकडा, थाळीपाशी गेल्या की थाळीत आणखी एक. संध्याकाळी लालासाहेबांनी "ये" म्हटलं की कुत्रं धावत यायचं. ते मिशीला पीळ द्यायचे आणि मनुबाई चुलीकडे तोंड करून हसायच्या. त्यानंतर जे जे कुत्रं आलं, त्याची दुपार अशीच गेली.

यंदा मात्र लालासाहेबांच्या गुडघ्यांनी दगा दिला. पारावर जाणं सुटलं. दिवसभर ते अंगणातच खुर्ची टाकून. जॅकीला एक तुकडाही पोचला नव्हता.

गप्प राहावं तर रविवारी जनावर जिवानिशी जाणार. करावं तर नवऱ्याच्या पुढ्यात करावं लागणार, आणि त्यांचं जन्माचं नाव त्यांच्याच डोळ्यांदेखत पुसलं जाणार. मनुबाईंनी फोन उद्यावर ढकलला आणि ती अख्खी दुपार तांदूळ निवडण्यात घालवली. निवडलेलेच पुन्हा निवडले.

शुक्रवारी सकाळी नवऱ्याला वाढण्याआधीच त्यांनी जॅकीला थाळी दिली, मग भाकरी पदरात घेतली आणि खुर्चीसमोरून लिंबाकडे गेल्या. जॅकी थाळीवर वाकून गुरगुरला. त्यांनी लांबूनच तुकडा टाकला आणि मागं सरल्या. पुन्हा दोन पावलं, पुन्हा तुकडा. भाकरी संपत आली तेव्हा जॅकीनं त्यांना येताना पाहून थाळीतून तोंड वर काढलं आणि शेपूट एकदा, जेमतेम, हलवलं.

लालासाहेब खुर्चीतून हे सगळं बघत होते.

"कवापास्नं?"

"त्या डॉबरमनपास्नं."

"समद्यास्नी?"

"व्हय. समद्यास्नी."

ते काठी टेकत उठले आणि घरात गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, शनिवारी अर्धी भाकरी खाऊन उठले. मात्र मनुबाई लिंबाकडे निघाल्या की आतून खिडकीची झडप उघडल्याचं ऐकू यायचं.

रविवारी उदयसिंह आले. जॅकी खात होता. मनुबाई जवळ गेल्या, त्यानं मान वर केली, त्यांनी थाळीत तुकडा ठेवला. तो गुरगुरला नाही.

उदयसिंह खुशीत म्हणाले, "हवालदार, तुमचा दरारा म्हंजे दरारा. मानलं बगा."

मनुबाईंनी मान खाली घातली. लालासाहेब नुसते हसले असते तरी भागलं असतं, आणि मनुबाईंनी ते जन्मभर पोटात ठेवलं असतं.

"दरारा न्हाई," लालासाहेब म्हणाले. "हिचं काम हाय ते. आदीची बी समदी हिचीच. मी नुसती मिशी पिळली." मग खुर्ची जराशी सरकवून म्हणाले, "घरी काय करायचं ते हिला इचारा. आन् कागदावर लिवून घ्या."

मनुबाईंनी सांगितलं, उदयसिंहांनी लिहून घेतलं. लगेच जमणार नाही, महिना-दोन महिने तरी चिकाटी लागेल, हेही त्यांनी लिहायला लावलं. गाडी गेली. लिंबाला साखळी तेवढी राहिली.

दुपारी नेहमीसारखं लालासाहेबांचं ताट वाढलं. ते पाटावर बसले, पण घास घेईनात. पट्टीच्या हातानं तुकडा मोडला, सवयीनं लिंबाकडे पाहिलं आणि तो ताटातच ठेवला.

"तुझं ताट?"

"मी बसते की मागनं. तुमी जेवा."

ते तसेच बसून राहिले. शिवांजलीनं आजीसाठी ताट मांडलं. कुठं बसावं हे मनुबाईंना सुचेना, तशा त्या भिंतीला टेकून बसल्या. तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा तुकडा त्यांनी तोंडात घातला आणि त्यांची जीभ पोळली. जन्मभर भाकरी थापली, पण ती तोंडात इतकी गरम लागते हे त्या विसरून गेल्या होत्या.

लालासाहेबांनी ताटावरून नजर न उचलता पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.