आत्याचे तीन लिटर

फ्रिजच्या दारावरचा तक्ता उन्नतीने स्वतः केला होता आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला तो बघावाच लागायचा. अगदी गॅस सिलिंडरवाल्यालासुद्धा. नववीची परीक्षा संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने ड्रॉइंगचा मोठा कागद आणला, वर ठसठशीत अक्षरांत ‘ऑपरेशन : २६ मे’ असं लिहिलं आणि खाली दोन रांगा पाडल्या. लाल रांग बाबांची, निळी गोजराआत्याची. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती आपली एक किडनी बाबांना देणार होती.

तयारी दोघांचीही चालली होती, पण एकदम उलटी. बाबांच्या दोन्ही किडन्या बंद पडल्या होत्या. आठवड्यातून तीनदा खारघरच्या हॉस्पिटलात जाऊन चार-चार तास मशीनवर रक्त धुवून घ्यायचं. पोटात गेलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नव्हती, म्हणून दिवसाला फक्त सातशे मिली, तेही चहा-आमटी धरून. आत्याला मात्र रोज तीन लिटर प्यायलाच हवं होतं. तिची किडनी काढायच्या दिवशी टुणटुणीत हवी ना!

सर्दी झालेल्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवणं, बाबांसाठी भाजी दोनदा उकळून पाणी टाकून देणं, दाताच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट, दोघांच्या लसी, सगळं उन्नतीकडे. दोन वर्षांपूर्वी वर्गात प्रेझेंट म्हणतानासुद्धा जिचा आवाज फुटत नव्हता, ती आता हॉस्पिटलात फोन करून थेट विचारायची, “मॅडम, रिपोर्ट किती वाजता मिळेल? नाही, ‘संध्याकाळी’ म्हणजे किती वाजता?” आई म्हणायची, “पोरगी नाय, कलेक्टर झालीय.” आईला स्वतःची किडनी द्यायची होती, पण तिला शुगर निघाली आणि पहिल्याच तपासणीत ती बाद झाली. तेव्हापासून ती कामावरून आली की नुसती देवासमोर बसायची.

मग मोरा बंदरावरून आत्या आली. धक्क्यावर बसून तीस वर्षं मासळी विकलेली बाई, बावन्न वर्षांची, आवाज असा की लाँचच्या भोंग्याने लाजावं. परवानगी देणाऱ्या कमिटीसमोर तिला विचारलं, “तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?” तर समोर कॅमेरा चालू असताना म्हणाली, “मना दाबनारा अजून जन्माला यायचाय.” कमिटीतले लोक खाली बघून हसले आणि सही झाली.

तर सगळं असं झकास चाललेलं असताना गुरुवारी दुपारी प्राची मॅडमचा फोन आला. ट्रान्सप्लांटच्या पेशंटची हॉस्पिटलातली सगळी जुळवाजुळव त्याच बघायच्या.

“उन्नती, आत्याचा कालचा रिपोर्ट आलाय. क्रिएटिनिन वाढलंय.”

उन्नतीला तो शब्द आता वर्गातल्या मुलींच्या नावांइतका पाठ होता. रक्तातला एक आकडा. तो जितका वर, तितकी किडनी हैराण. आत्याचा नेहमी शून्य पॉइंट आठ यायचा.

“किती?”

“एक पॉइंट चार. पाणी नीट पितायत ना त्या?”

“हो मॅडम! रोज तीन लिटर. शंभर टक्के. मी स्वतः टिक करते.”

 मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “मग पाण्यामुळे नाही. मग त्यांच्या किडनीतच काहीतरी आहे का, हे बघावं लागेल. शनिवारी सकाळी परत रक्त द्या. तोही रिपोर्ट असाच आला तर डॉक्टर त्यांची किडनी घेणार नाहीत, बाळा. तारीख रद्द.”

फोन ठेवल्यावर उन्नती फ्रिजला टेकून उभी राहिली. निळ्या रांगेत अठरा टिका होत्या. सगळ्या नीट, एकाच मापाच्या. आत्या नाही तर कोण? आई बाद. बाबांचे वडील, पंढरीआजोबा, चौऱ्याहत्तर वर्षांचे. मयत माणसाच्या किडनीसाठीच्या यादीत बाबांचं नाव होतं, पण तिथे वर्षानुवर्षं नंबर लागत नाही, हे तिला वेटिंग रूममधल्या प्रत्येकाने सांगितलं होतं. मशीनला जोडायची बाबांच्या हातातली शीर आधीच एकदा बंद पडली होती. 

आणि तेव्हाच एक विचार आला. अठरा टिका. त्यातल्या किती घोटांना मी हजर होते?

एकाही नाही. संध्याकाळी ती ओरडायची, “आत्या, झाल्या का तिन्ही बाटल्या?” आत्या रिकाम्या बाटल्या वर धरून दाखवायची, “झाल्या गो माय!” की टिक.

त्या दुपारी ती मोबाइल हातात धरून स्वयंपाकघराच्या दाराशी बसली. दाखवायला मोबाइल, पण डोळे हॉलमध्ये. बाबा सोफ्यावर आडवे होते. मे महिन्यातलं नावडं गाव, तळोज्याच्या कारखान्यांकडून येणारा तो गरम वारा, पंखासुद्धा गरम हवाच ढवळत होता. बाबांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. आत्या खाली चटईवर. तिने बाटलीचं झाकण उघडलं. बाबा कुशीवर वळले. आत्याने झाकण लावलं. बाबांनी डोळे मिटले. आत्याने झाकण उघडलं, बाटली तोंडापर्यंत नेली, आणि बाबांनी डोळे उघडले.  त्यांची नजर बाटलीवर गेली, तहानलेल्या माणसाची जाते तशी, आणि त्यांनी लगेच ती टीव्हीकडे फिरवली. टीव्ही बंद होता.

आत्या उठली, आत आली आणि अख्खी बाटली भाताच्या टोपात ओतली. मोऱ्याची बाई, टँकरच्या रांगेत जन्म गेलेला. पाणी फेकून थोडीच देणार!

“आत्या!”

आत्या दचकली. टोपाचं झाकण खणकन पडलं.

“रोज? रोज टोपात?”

“हळू बोल. तो आयकंल.”

“पीत का नाहीस पण?”

“पिते की. सकाळी एक गिलास, जेवताना एक.” आत्याचा तो भोंग्यासारखा आवाज पार बारीक झाला होता. “त्याचे देखत कसा पिऊ गं? सात वर्षांचा होता आई गेली तेवा. त्याचे आधी मी कवा जेवली नाय. आता तो घोटघोट मोजतो नि मी त्याचे म्होरं घटाघटा पिऊ? घशाखाली उतरत नाय माज्या.”

“मग आत येऊन पी! बाथरूममध्ये पी!”

“आत आली तरी त्याला कलतं. भांडं वाजलं की मान वलवतो. बघितलंस कवा?”

उन्नतीने बघितलं नव्हतं. तिने तक्ता बघितला होता.

तिने फोनमधला रिपोर्ट आत्याला दाखवला. एक पॉइंट चार म्हणजे काय, शनिवार म्हणजे काय, सगळं सांगितलं. आत्या मटकन पाटावर बसली. “म्हंजे मी वाचवायला आली नि मीच...”  मग तिने उन्नतीचं मनगट घट्ट धरलं. “हरेशला नाय सांगायचं. त्याचे बघन्यामुलं झालं, असा वाटंल त्याला. जीव सोडंल तो. शपथ घे.”

उन्नतीने शपथ घेतली नाही. तिने मनगट सोडवलं आणि प्राची मॅडमला फोन लावला.  आजवरच्या सगळ्या फोनांत हाच सगळ्यात वाईट होता.

“मॅडम, मी मघाशी खोटं बोलले. म्हणजे, मला खरं वाटत होतं. पण मी न बघताच टिका केल्या. आत्या पाणी पीत नव्हती. दिवसाला दोन-तीन ग्लास फक्त.”

“उन्नती! तुझ्या एका ‘शंभर टक्के’वर आम्ही त्यांचं नाव खोडायच्या बेतात होतो.” मॅडमनी जोरात श्वास सोडला. “बरं झालं आत्ता सांगितलंस. आजपासून तीन लिटर, तुझ्या डोळ्यांसमोर. आकडा खाली येईलच असं मी म्हणत नाही हं. शनिवारी बघू.”

फोन ठेवून ती वळली, तर दारात बाबा. भिंतीला धरून उभे. सगळं ऐकलेले.

“बाय,” ते म्हणाले. आत्याला ते बाय म्हणायचे. “हिकडं ये. बस.”

“हरेश, तू झोप बगू...”

बाबांनी स्वतः फिल्टरचा नळ सोडला. ग्लास काठोकाठ भरला. पाणी पडत होतं तेवढा वेळ त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली झाली, ते उन्नतीला स्पष्ट दिसलं. ग्लास त्यांनी आत्यासमोर ठेवला, खुर्ची ओढली आणि बरोबर समोर बसले.

“पी.”

“तू आत जा, मी पिते.”

“नाय. मी हितंच बसनार. तू पी नि मी बघनार.”

“नको ना रं...”

“तुजी किडनी पायजे मना. ती सुकवून काय सुकटीच्या वाट्यावर इकायची हाय?” आत्याला हसू फुटलं आणि त्याच तोंडाने रडूही. “पानी मी नंतर पिनार हाय, बाय. अक्खा माठ. तू थकशील भरून.”

आत्याने ग्लास उचलला. पहिला घोट अडकला, ठसका लागला. बाबा हलले नाहीत. उन्नतीने तहान मारायला लिंबाची फोड त्यांच्या हातात दिली, ती त्यांनी दाताखाली धरली आणि आत्यावरची नजर हलू दिली नाही. ग्लास संपला. त्यांनी दुसरा भरला.

शुक्रवारी मशीनवरही तेच. बाबा पलंगावर, आत्या शेजारच्या स्टुलावर, तासाला एक ग्लास. उन्नती दर ग्लासाला हजर. टिक मात्र तिने एकही केली नाही. तक्त्याकडे बघितलं तरी तिला कसंतरी व्हायचं.

शनिवारी सकाळी आत्याने रक्त दिलं. रिपोर्ट ‘संध्याकाळी’. या वेळी उन्नतीने किती वाजता ते विचारलं नाही. चार वाजले, पाच वाजले. आईने तांदूळ निवडलेलेच परत निवडले. बाबांनी पेपरचं तेच पान तीनदा उलटलं. सव्वासहाला फोन वाजला आणि चौघंही त्याच्याकडे असं बघत राहिले की जणू तो चावेल.

“शून्य पॉइंट नऊ,” प्राची मॅडम म्हणाल्या. “डॉक्टरांनी होकार दिलाय. सोमवारी सकाळी नऊला दोघांनाही भरती करा.”

उन्नतीने जसंच्या तसं सांगितलं. तिला वाटलं होतं, आपण उड्या मारू, जिना उतरून सगळ्यांना ओरडून सांगू. पण कुणीच ओरडलं नाही. दोन दिवस सगळी भीती ऑपरेशन होणार नाही याची होती. आता ते खरंच होणार होतं. मंगळवारी एकाच सकाळी, शेजारशेजारच्या दोन खोल्यांत, दोघांची पोटं फाडली जाणार होती. आईने बाबांचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

आत्या गॅलरीत जाऊन उभी राहिली. उन्नती मागोमाग गेली. समोर कारखान्यांच्या चिमण्यांवरचे लाल दिवे नुकते लागत होते. आत्याने तिच्याकडे न बघता विचारलं.

“लय दुखतं का गं, उन्नती? काडल्यावर?”

शंभर टक्के नाही दुखत, असं तिच्या जिभेच्या टोकाशी आलं. तिने ते गिळलं.

“माहीत नाही, आत्या,” ती म्हणाली. “सोमवारी आपण दोघी मिळून डॉक्टरांना विचारू.”

आत्याने मान हलवली आणि कठड्यावरचा तिचा खरखरीत हात उन्नतीच्या हातापर्यंत सरकत आला.