रॉकेलचं चाडं

मास्तर, टेका हितं दगडाव. मगाशी चिमणीत रॉकेल ओतताना तुमी मंडळीला म्हनलात, नरसाळं द्या. त्यावरनं आमच्या हरभऱ्याची गोष्ट आठवली. च्या उकळस्तवर सांगतो.

चौसष्ट-पासष्ट साल आसंल. तवर मी लोकाच्याच वावरात राबायचो. त्या साली लोहगडवाडीखालचं एक खाचर आमच्या वाट्याला आलं. भात काढलं, तशी येसू, म्हंजी माजी बायकू, म्हनली, वल हाय तवर हरभरा टाकू. बी कुटलं, खायला ठिवलं हुतं तेच. शेजारच्या दत्तोबाकडनं पेरायची पाभर अन बैलं आनली, एका दिसासाठी. दुसऱ्या दिशी त्याचीच पेरनी. आनताना बांधाव पाभर कलंडली अन चाडं उभं चिरलं.

चाडं ठावं हाय ना? पाभरीवरचा लाकडी वाडगा. बाई त्यात मूठ धरून बी सोडती, ते भोकांतनं तीन नळ्यांत जातं अन नळ्यांतनं मातीत.

येसूनं चाड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हनली, "तुमाला बैलं धराया सांगितली हुती, ढग मोजाया न्हाई."

सुतार इंदुरीला लग्नाला गेलता. मी पळत मळवली टेसनाव गेलो. तितं बजरंग सिगनलच्या बत्त्या भरायचा.

"बजरंगा, चाड्यावानी कायतरी दे. वर रुंद, खाली नळी."

"फनेल पायजे व्हय तुला?"

"चेष्टा नगं करू. रस्त्याव खडी फोडायला हुतो, तवा वाफेच्या रोलरचा डायवर त्याच्या धुराड्याला फनेल म्हनायचा. ते पाभरीव ठिवलं तर बैलं पार ममईला पळतील."

बजरंगानं हसत खुंटीवरनं पत्र्याचं काढलं. "ह्येला बी फनेलच म्हनत्यात."

"आरं, ह्ये तर नरसाळं."

"तुला काय म्हनायचं ते म्हन. सांजच्याला बत्त्या भरायच्या आदी परत आन, म्हंजी झालं."

वाटंनं माझ्या डोक्यात तेच. धूर वर सोडतं ते बी फनेल अन तेल खाली सोडतं ते बी फनेल, आसं कसं? उलटं धरून बघितलं. तर खरंच की, धुराडं. डोक्याव ठिवलं, टोपी झाली. तोंडाला लावून वरडलो, तर डोंगरानं माझाच आवाज माघारी धाडला. शेरडं राखनारी झुंबरबाई म्हनली, "गोविंदा, काय इकाया आनलंयस रं?"

येसूनं ते नाकाला लावलं. "रॉकेलचा वास मारतोय. बी मरंल."

राखंनं घासलं, वास तसाच. पन वल काय थांबनार हुती? मधल्या नळ्याव बसवलं, बाकीचे दोन चिंध्यांनी बुजवले. म्हंजी एका खेपंला एकच वळ. त्यात हरभरा नरड्यात आडकायचा. येसू काडीनं टोचायची, की भसकन पाच-सात दाने एकदम.

मी म्हनलं, "नरड्यातनं साळ जाती, म्हनून नरसाळं आसंल."

"मग साळ पेरायची हुती," ती म्हनली, "हरभऱ्याला कशाला छळताय?"

दिस कलताना पेरून झालं. टेसनाव गेलो. बजरंगानं बत्तीव फनेल ठिवलं, तेल ओतलं, तर तेल खाली उतरंना. त्यानं ते उलटं केलं, नळीत फुंकलं, तसा तेलानं निथळनारा एक दाना उडाला अन बत्तीखोलीच्या दाराशी मातीत पडला.

"तुजं बियानं रेलवेनं जप्त केलं," बजरंग म्हनला.

दत्तोबाला नवं चाडं कबूल केलं. त्यो म्हनला, "रॉकेल पेरलंयस, आता दिवं उगवतील."

पाच दिस झालं, सा दिस झालं, वावरात कायच न्हाई. खायचा हरभरा मातीत गेला. येसू बोलंना झाली. तिच्या बोलन्यापरास ते लय वाईट. सातव्या दिशी मला घरात बसवंना, म्हून मळवलीला गेलो. बत्तीखोलीच्या दाराशी बघतो तर मातीतनं हिरवा कोंब वर आलेला. तोच रॉकेलात बुडालेला दाना. म्हनलं, त्यो जगला तर आपलं का मरंल?

तसाच माघारी पळालो. येसू वावरात उकिडवी बसलेली. उगवलं हुतं, पन कसं? हितं सात रोपांचा झुबका, मग हातभर मोकळं, मग पुन्ना झुबका.

"बघा," ती म्हनली, "तुमच्या बोलन्यावानी उगवलंय. मधीच लय, मधीच कायच न्हाई."

सात दिसांनी पयल्यांदा हसली.

नवं चाडं झालं, दत्तोबाला दिलं. पन माज्या डोक्यातनं ते काय जात न्हाई. एकच चीज, मानूस बदलला की नाव बदलतं. तुमी तर लांबनं आलाय, मास्तर. एक करा. आईला कागद लिवाल, तवा तिला इचारा, तुमच्या मुलखात ह्येला नरसाळं सोडून आनी काय म्हनत्यात. अन उत्तर आलं की मला वाचून दावा.