गेटसमोर बसलेली मेंढरं

"मेंढरांचं प्रकरण काढून टाक," आमचे मार्गदर्शक सर म्हणाले. "तुझा एम.ए.चा प्रबंध कामगार युनियनवर आहे, राजनंदिनी. चळवळीबिळवळी हा वेगळा विषय."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आधी ऐकून तरी घ्या.

शहाण्णव साली बारामतीच्या कडेच्या एका पंपांच्या कारखान्याला मालकानं टाळं ठोकलं. माझे वडील बिरू तिथं फिटर. यंत्रं गाड्यांत भरून दुसरीकडं हलवायचा घाट होता. ती गेली की सगळ्यांची कामं गेली. युनियनचे अध्यक्ष हिंदुराव गेट अडवायला निघाले, तर मालकानं कोर्टाचा मनाईहुकूम आणला. युनियनच्या माणसानं गेटजवळ फिरकायचंच नाही! हिंदुराव कपाळाला हात लावून बसले.

"मनाई युनियनला हाय," माझी म्हाळसाआत्या म्हणाली. "माझ्या मेंढरांना हाय का?"

आत्याचा कळप तेव्हा जवळच्या कन्हेरी गावात होता. रात्री मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, म्हणून माळवं करणारे शेतकरी पाळी लावून असायचे आणि बदल्यात धान्य द्यायचे. त्या दिवशी पाळी फुलाबाईच्या वांगी लावायच्या मोकळ्या रानाची होती. आत्या बिचकतच तिच्याकडं गेली.

फुलाबाईनं हातातलं खुरपं टाकलं. "माझं रान थांबंल. चला, मी बी येते."

ऐकून शेजारच्या जळोची गावचेही कळप आले. दिवस मावळायच्या आत गेटसमोर जाळी ताणली आणि मेंढरं आत ऐसपैस बसली. भरलेल्या गाड्या हॉर्न वाजवून दमल्या. मॅनेजर तणतणत बाहेर आला.

"उठवा ही!"

"बसलेली मेंढरं सकाळपातूर उठवत न्हाईत, सायेब," आत्या म्हणाली. "तुमच्या दारात खत पडतंय. धान्य काढा."

रस्त्यापलीकडं उभे कामगार पोट धरून हसले. मी तेव्हा शाळकरी, त्यांच्यातच उभी होते. कित्येक दिवसांनी वडिलांना हसताना पाहिलं आणि मला रडूच आलं. पोलीस आले, हुकूम वाचला, त्यात मेंढरं सापडेनात. मग रोज नवा कळप आणि पाळी सोडलेला नवा शेतकरी. शेवटी यंत्रं गाड्यांतून उतरली आणि मालक हिंदुरावांशी बोलायला बसला.

सर हसले. "म्हणजे मेंढरं युनियनची सभासद होती म्हणायची!"

"नव्हती, सर. फुलाबाईही नव्हती. म्हणून तर गाड्या अडल्या. प्रकरण राहणार. मार्क कापायचे तर कापा."