न हललेला आकडा

खालच्या आळीत तिला भोंगाबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिची पाठ वळली की आवाज हळू करायची तसदीही कोणी घेत नसे.

नदीमापन कचेरीत ती नोकरीला लागली तेव्हा याच आळीला केवढा अभिमान वाटला होता. आपल्या सुताराची धाकटी बहीण एवढी शिकली, आता दरीतल्या नदीवर नजर ठेवणार. मग गेल्या वर्षी एका ढगाळ सकाळी तिने पुराचा भोंगा वाजवला. सगळी आळी म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठुंगळी घेऊन शाळेच्या मैदानावर चढली, दिवसभर ताटकळली, आणि नदीने पात्र काही सोडलं नाही. पुलाखाली लावलेलं यंत्र वरून लहरी सोडून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. त्याच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं, जाळ्यावर थेंब साठले होते, आणि यंत्राने त्यालाच पाणी मानलं होतं. पाणी अगदी पुलाला टेकलंय, असं त्याचं म्हणणं.

कोळ्याला कोणी नावं ठेवली नाहीत. ठेवली ती तिला. आणि त्या दिवसापासून दादा तिच्याशी थेट बोलेनासा झाला. काही सांगायचं असलं तर वहिनीला सांगे, मग ती समोर का बसलेली असेना. “तिला म्हणावं, चहा गार होतोय.”

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिने कॉम्प्युटरवर एक नियम लिहिला. कचेरीत त्याला चाळणी म्हणत. यंत्राचा आकडा आधीच्यापेक्षा एकदम फार वेगळा आला, तर तो कोळी, पक्षी, अडकलेला ओंडका असं काहीतरी समजून टाकून द्यायचा आणि पडद्यावर मागचाच दाखवायचा. तिने जुन्या चुकीच्या आकड्यांवर चाळणी तपासली, एकही कोळी सुटला नाही. मुख्य कचेरीतल्या साहेबांनी फोन करून कौतुक केलं. वर्षभर सगळं सुरळीत चाललं.

डोंगरात पाऊस लागून राहिला होता त्या आठवड्यातली गोष्ट. कचेरी चढावर, बसथांब्यासमोर. खिडकीतून बसगाड्या दिसत, नदी दिसत नसे. दुपारी पडद्यावर दोन मीटर सत्त्याऐंशी होतं, धोक्याच्या रेषेच्या बरंच खाली. समोरच्या टेबलावर वायरमन एका जुन्या यंत्राचं पोट उघडून बसला होता. वहिनीचा फोन आला तो दुसऱ्याच कामासाठी, रविवारी जेवायला येणार का, हे विचारायला. ते विचारून झाल्यावर ती हसत म्हणाली, “आणि काय हो वन्सं, तुमची नदी गेली कुठे? घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्यात. लोक बादल्या घेऊन मासे वेचतायत.”

“आज? आत्ता?”

“मग काय, काल? इथे खिडकीतून दिसतंय मला.”

तिने पडद्याकडे पाहिलं. दोन मीटर सत्त्याऐंशी. मग आधीचे आकडे वर सरकवून पाहिले. सकाळपासून प्रत्येक ओळीत तोच आकडा होता, सेंटिमीटरचाही फरक नाही. नदी अशी वागत नाही. वाऱ्याने, लाटेने, नुसत्या मर्जीनेसुद्धा ती थोडी खालीवर होतच राहते.

चाळणीच्या मागे यंत्राचे कच्चे आकडे साठवलेले असत. ते तिने उघडले. यंत्र बिचारं सकाळपासून खरं सांगत होतं. पाणी एकाएकी उतरलं होतं आणि उतरतच चाललं होतं. चाळणीने पहिला उतार खोटा ठरवला, मागचा आकडा धरून ठेवला. पुढचा प्रत्येक आकडा त्या धरून ठेवलेल्या आकड्यापासून आणखी लांब गेला, म्हणून आणखीच खोटा ठरला. तिने चाळणी तपासली होती ती क्षणभर उडी मारून परत येणाऱ्या आकड्यांवर. न परतणारा आकडा तिच्या डोक्यातच आला नव्हता.

वरच्या घळीच्या दोन्ही कडा ठिसूळ होत्या, हे दरीत पोराटोरांनाही ठाऊक होतं. वर पाऊस कोसळतोय आणि खाली नदी आटतेय, याचा अर्थ एकच. कडा ढासळून पात्रात पडली होती, आणि पाणी तिच्यामागे साठत होतं. मातीचा बांध, ना पाया ना दरवाजे.

तिने साहेबांना फोन लावला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. नियमात भोंगा पाणी चढल्यावर वाजवायचा असतो, उतरल्यावर वाजवल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. ढग खाली आहेत, वर जाऊन बघायला कोणी पाठवता येणार नाही. मग ते म्हणाले, “भोंगा तुमच्या हातात आहे, मी अडवत नाही. पण या वेळी चुकलात, तर पुढे खरा पूर आला तरी तिथलं कोणी हलणार नाही. एवढं धरून चाला.”

तेच तिच्याही मनात होतं. कोरड्या पात्रात मासे वेचणाऱ्या माणसांनी भोंगा ऐकला, तर ती पोट धरून हसतील आणि पुढचा मासा उचलतील. तिने वायरमनला सांगितलं, मी आळीत पोहोचल्यावर फोन करते, मगच वाजव. आणि नंतर पुलाच्या टोकाशी जाऊन खांबावरची पाणी मोजायची पट्टी डोळ्यांनी वाच, पुलावर पाऊल टाकू नकोस. छत्री तिथेच विसरून ती धावत निघाली.

आळीत जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. पावाच्या भट्टीवाला गुडघाभर चिखलात उभा होता. तिला पाहताच म्हणाला, “या बाई, या. नदी पळून गेली म्हणून शोधायला आलात होय?” बाकीचे हसले. ती तशीच दादाच्या कारखान्यात शिरली.

दादा विजेच्या करवतीवर फळी चिरत होता. त्याने मान वर केली नाही. दाराशी आलेल्या वहिनीला म्हणाला, “तिला विचार, एवढी भिजून कशाला आलीये.”

“दादा, करवत बंद कर आणि माझं ऐक.” तिने सगळं सांगितलं, चाळणीसकट. सकाळीच कळायला हवं होतं, माझ्या नियमामुळे कळलं नाही, हेही सांगितलं. करवत चालूच होती, म्हणून तिला ते मोठ्याने सांगावं लागलं.

दादाने फळी बाजूला ठेवली. “गेल्या वर्षी कोळी निघाला, ते आम्हाला तुझ्या वायरमनने येऊन सांगितलं. अंधार पडल्यावर. तोवर सगळे मैदानावर बसून होते. तू आपली उंटावरून शेळ्या हाकत राहिलीस.”

“मला लाज वाटत होती.”

“मग? माझी पण गेलीच की.” त्याने हातावरचा भुसा झटकला. मग विचारलं, “किती वेळ आहे?”

“माहीत नाही. आत्ता फुटेल, उद्या फुटेल. कदाचित हळूहळू झिरपून जाईल आणि काहीच होणार नाही. मग मी पुन्हा भोंगाबाई.”

“ती तू आहेसच,” दादा म्हणाला आणि त्याने करवत बंद केली.

दादा मोठा वक्ता नव्हता. तो पात्रात उतरला, भट्टीवाल्याच्या हातातली बादली घेतली आणि चढाच्या दिशेने चालायला लागला. भट्टीवाला शिव्या घालत बादलीमागे निघाला. मासे वरच तळू, दादाने सगळ्यांना सांगितलं, शाळेत चूल आहे. तेवढ्यात तिने वायरमनला फोन केला आणि भोंगा वाजला. काही जण कुरकुरले, काहींनी तिच्याकडे पाहून मान हलवली, पण सुतार स्वतःचा कारखाना उघडा टाकून चाललाय हे सगळ्यांना दिसत होतं. शिवणकाम करणाऱ्या बाईची म्हातारी आई हटून बसली. म्हातारीला दादाने आणि त्याच्या बहिणीने कारखान्यातल्या एका नव्या खुर्चीत बसवून उचललं. खुर्चीचं पॉलिश ओलं होतं. ते लुगड्याला लागलं म्हणून म्हातारी चढभर दोघांचा उद्धार करत राहिली. वहिनी घरोघरी दारं ठोठावून सगळ्यात शेवटी आली.

पाणी आलं ते उजेड असतानाच. आधी ओल्या मातीचा आणि चिरलेल्या लाकडाचा वास आला. मग खडीच्या गाड्या एकामागून एक उलटाव्यात तसा आवाज. घळीच्या तोंडातून तपकिरी लोट बाहेर पडला, मुळांसकट झाडं घेऊन. तो आळीत शिरला आणि खिडक्यांच्या चौकटींपर्यंत चढला. कारखान्याचं दार आतून फुटून बाहेर आलं, मागोमाग फळ्या.  मैदानावर म्हातारी पॉलिशचं विसरली.

काही वेळाने पाणी ओसरलं. लोक मोजामोजी करायला लागले, सगळे आहेत, सगळे आहेत. भट्टीवाला तिच्याजवळ आला. “मानलं बाई तुम्हाला,” तो म्हणाला, आणि लगेच पायजमा वर खोचून उताराकडे वळला. भट्टीत पाणी शिरलं असेल, पिठाची पोती वाचवता आली तर बघतो. त्याच्यामागे आणखी चौघेपाच जण उठले.

तिचा फोन वाजला. वायरमन पुलाच्या टोकावरून पट्टी वाचत होता. तिने आकडे ऐकले, हिशेब केला, पुन्हा केला. सकाळपासून नदीत जेवढं पाणी यायला हवं होतं आणि आलं नव्हतं, त्याच्या निम्मंसुद्धा आत्ता गेलं नव्हतं. बांधाचा वरचा भाग तेवढा वाहून गेला होता.

“खाली जाऊ नका,” ती म्हणाली. “अजून पाणी आहे.”

आता मात्र लोक चिडले. आलं की एकदा. डोळ्यांदेखत सामान वाहून जातंय. रात्रभर इथे काय बसायचं? किती वाजता येणार ते तरी सांगा. तिला वेळ सांगता येईना, आणि लोक पुढे सरकायला लागले.

दादा तिच्याजवळ आला. खाली त्याच्या फळ्या घाटाच्या कठड्याला अडकल्या होत्या, दोघांनी हात लावला असता तर निघाल्या असत्या. त्याने त्या पाहिल्या. मग तिच्याकडे वळून विचारलं, “नक्की?”

“पाणी आहे, हे नक्की. कधी येईल, ते नाही.”

दादाने कोणाची तरी बादली उपडी केली, उताराच्या तोंडाशी रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसला. रस्ता अरुंद होता आणि दादा रुंद. भट्टीवाला त्याच्यासमोर थोडा वेळ उभा राहिला, खाली पाहत, मग तोही शेजारच्या दगडावर टेकला. एकेक करून बाकीचे मागे फिरले.

तिने फोनवर वायरमनला पुढचा आकडा विचारला.